ठकूचा रनवे

"थांब! स्टॉप!"

बेसमेंटमधून वर येणाऱ्या उताराच्या मधोमध आप्पाजी उभे होते. दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांपाशी फुली केलेली. अंगात बंडी, खाली ढगळ खाकी पँट, पायांत घरातल्या स्लिपर. त्यांच्या पुढ्यात एक पांढरी गाडी, तिच्यामागे निळी आणि तिच्यामागे वळणापर्यंत गाड्याच गाड्या. प्रत्येकीचा हॉर्न वेगळा. सकाळच्या ऑफिसच्या वेळेला बंगळूरच्या बेळ्ळंदूरमध्ये इथं जरा उशीर झाला की रिंग रोडवर त्याचा तासभर होतो, हे त्या सगळ्या हॉर्नना ठाऊक होतं.

आसावरी लिफ्टमधून धावत आली तेव्हा तिच्या कानात ऑफिसची मीटिंग चालू होती आणि कडेवर तिची लेक वाणी होती. वॉचमन वादिराज इंटरकॉमवर एवढंच म्हणाला होता, "मॅडम, स्वल्प लवकर या. अज्जा पुन्हा."

"आप्पाजी, चला ना वर."

"एक मिनिट. हलू नको. पाय तिथंच ठेव."

आप्पाजी वाकले. सिमेंटच्या खाचेतून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी उचललं, डोळ्यांजवळ नेलं, फुंकर मारली. एक गंजका स्क्रू होता.

"पत्र्याचा हाय," ते म्हणाले. "टायरात गेला तर पंक्चर. इंजिनात गेला तर…" पुढचं वाक्य त्यांनी नेहमीप्रमाणे सोडून दिलं आणि स्क्रू खिशात टाकला.

सोसायटीचे सेक्रेटरी किरणकुमार आपल्या गाडीतून उतरून आले होते. त्यांच्या घराण्याचं चिकपेटेत पिढ्यान्‌पिढ्या कापडाचं दुकान. मराठी बोलायचे, पण ते मराठी बंगळूरच्या पाण्यावर वाढलेलं.

"काय हो अम्मा हे! सरी, ठीक आहे, म्हातारं माणूस आहे, आम्ही पण स्वल्प सांभाळून घेतो. पण रोज सकाळी इथं एअरपोर्ट उघडायचं म्हणजे? मग तिकीट पण लावा की!"

मागच्या गाडीतलं कुणीतरी हसलं. आसावरीच्या कानाची पाळी तापली. "सॉरी अण्णा. आत्ता नेते."

पण आप्पाजींना नेता येत नसे. काम झाल्याशिवाय ते हलत नसत. ते कडेला झाले, पाठ ताठ केली आणि उजवा हात लांबवर झुलवून पांढऱ्या गाडीला वाट दिली. "रनवे क्लीअर!"

गाडीवाल्यानं जाता जाता कानशिलाजवळ बोट फिरवलं. वाणीनं त्यालाच टाटा केला.

"बघितलं ठकूनं?" आप्पाजी खूश झाले. वाणीला ते आपल्या आईच्या नावानं, ठकुबाई म्हणून, हाक मारत. "हिला कळतंय बघ. बाकीच्यांना नुसतं जायचं असतंय."

लिफ्टमध्ये आसावरीनं कानातली मीटिंग बंद केली. आज गुरुवार. शनिवारी सकाळी त्यांना आनेकलला घेऊन जायचं ठरलेलं होतं.

*

आप्पाजींनी नोकरीची सगळी वर्षं समुद्राकाठच्या नौदलाच्या एका विमानतळावर काढली होती. नवी पोरं तिथं विमान आणि हेलिकॉप्टर चालवायला शिकायला येत. पण आप्पाजी उडणाऱ्यांतले नव्हते, की इंजिन उघडणाऱ्यांतलेही नव्हते. विमान ढकलून जागेवर आणायचं, चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, हातांच्या खुणांनी वळवायचं, थांबवायचं. आणि पोरं आभाळात असतील तोवर आगीच्या गाडीत जाड पोशाख चढवून बसून राहायचं, हे त्यांचं काम. शेवटचं पोर उतरेपर्यंत टोपीचा पट्टासुद्धा सैल करायचा नाही.

आणि या सगळ्याआधी, उजाडता उजाडता, रांग.

धावपट्टीच्या टोकाला सगळा तळ खांद्याला खांदा लावून आडवा उभा राही. बड्या साहेबापासून काल भरती झालेल्या पोरापर्यंत. मग माना खाली घालून सगळे एका चालीनं समुद्राच्या दिशेनं निघत. खडा, खिळा, तारेचा तुकडा, पेनाचं टोपण, जे दिसेल ते उचलायचं. धावपट्टीवर पडलेल्या असल्या कुठल्याही वस्तूला त्यांच्यात फॉड म्हणत. समुद्र जवळ, त्यामुळे आणखी एक पीडा होती. कावळे आणि घारी शिंपले उचलून आणत आणि फोडायला वरून काँक्रीटवर टाकत. रोज सकाळी शिंपल्यांचे नवे तुकडे.

"इंजिन म्हणजे तान्हं पोर बघ," आप्पाजी सांगत. "म्होरं येईल ते तोंडात घालतंय. त्याला काय कळतंय? बघायचं आपण."

आणखी एक रीत होती, ती सांगताना तर ते जेवणातला हात थांबवत. रांगेत उभं राहण्याआधी आणि रांग संपल्यावर शेजाऱ्यानं शेजाऱ्याचे खिसे तपासायचे. कारण साफ करायला आलेल्या माणसाच्या खिशातूनच कधी कधी काहीतरी गळतं. तिथं साहेब आणि शिपाई हा भेद नाही.

"एकदा बड्या साहेबाच्या खिशात काय सापडलं ठाऊक हाय? त्याच्या पोरीची केसाची पिन! साहेब लाजला बघ. सॉरी म्हटला. कुणाला? मला!"

हा किस्सा त्यांच्या मुलाला, आसावरीच्या नवऱ्याला, महांतेशला पाठ होता. लहानपणी क्वार्टर्समधली मुलं एकमेकांना विचारत, तुझे वडील काय करतात. कुणाचे उडवायचे, कुणाचे दुरुस्त करायचे. "तुझे?" म्हटल्यावर महांतेश म्हणायचा, आगीच्या गाडीवर असतात. खडे वेचतात हे त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. एकदा त्यानं वडिलांनाच विचारलं होतं, "पण आप्पा, तुम्ही इतकी वर्षं तिथं नक्की केलं काय?"

आप्पाजींनी बराच विचार केला होता. "काय केलं म्हणजे… काय होऊ दिलं न्हाई की रे."

निवृत्तीनंतर ते निपाणीजवळच्या गावी राहिले. महानंदाबाई, म्हणजे महांतेशची आई, गेल्यावर त्यांचं विसरणं वाढलं. गॅस चालू राहिला, दार उघडं राहिलं, एकदा ते स्वतःच एसटी स्टँडवर सापडले. मग महांतेश त्यांना बंगळूरला घेऊन आला. पुण्याच्या आसावरीला त्यांची भाषा सुरुवातीला खडबडीत वाटली होती, पण वाणी झाल्यावर तिला या म्हाताऱ्याचा आधारच वाटू लागला होता. वाणीला मांडीवर घेऊन ते तासन्‌तास बसत आणि हातांच्या खुणांनी तिला विमानं वळवायला शिकवत. डावीकडे. उजवीकडे. पुढं, पुढं, पुढं, थांब. ती थांबवर खदखदून हसे.

सगळं ठीक होतं, वाणी रांगायला लागेपर्यंत.

वेचलेल्या वस्तू आप्पाजी खिशात टाकत आणि घरी आल्यावर वाणीच्या दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात ओतत. निदान ओतत असत. अलीकडे कधी ओतत, कधी विसरत. कधी खिसा खुर्चीत बसल्या बसल्या रिकामा होई. दोन आठवड्यांपूर्वी वाणी सोफ्याखालून बाहेर आली ती गाल फुगवून. आसावरीनं बोट घातलं तर बोटाला गार लोखंड लागलं. नट होता. वाणीच्या लाळेनं चकचकीत झालेला.

तेव्हापासून आसावरीची झोप उडाली होती. कॉलवर बोलता बोलता तिची नजर फरशीवर फिरे. भाजी चिरताना ती मधेच खाली वाकून बघे. आणि एका संध्याकाळी, महांतेश ऑफिसातून आल्या आल्या, पायातले बूटही काढले नव्हते तेव्हा, ती म्हणाली होती, "मी दोघांवर लक्ष नाही ठेवू शकत. एक कोणीतरी."

महांतेशनं वाकून बूट काढले. त्यानंतर दोन दिवसांनी त्यानं आनेकलच्या त्या घराची माहिती काढली. शेतांच्या कडेला, स्वच्छ, नर्स असलेली जागा. सुरुवातीला महिनाभर बघायचं. आप्पाजींना सांगितलं, हवापालट. ते म्हणाले, "बरं."

या "बरं"नंतर आसावरीला स्वतःचा राग यायचा. आणि राग आला की पुन्हा तो नट आठवायचा.

*

शुक्रवारी दुपारी कॉल संपवून ती हॉलमध्ये आली. सतरंजीवर वाणी, तिच्याशेजारी आप्पाजी मांडी घालून. दोघांच्या मधे वाणीचं गाणारं बदक पडलेलं. घर सांभाळायला येणारी यल्लव्वा स्वयंपाकघरात खिमट ढवळत होती.

बदक आसावरीनं सहज उचललं. पोटाचं झाकण हातात आलं. आतली जागा रिकामी होती.

नाण्याएवढी चपटी बॅटरी. मुलांच्या डॉक्टरांनी भिंतीवर तक्ताच लावलेला होता: ही गिळली तर थांबू नका.

"यल्लव्वा! याच्यातली बॅटरी कुठाय?"

"मला काय म्हाईत अक्का, मी तर हितं…"

"आप्पाजी, हे तुम्ही उघडलंत?"

आप्पाजींनी बदकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काय गेलं?"

"बॅटरी! अशी गोल. तुम्ही काढलीत ना? स्क्रू तुम्हीच काढता सगळ्याचे. कुठे टाकलीत?"

"मी…" ते उठून उभे राहिले. ते मनात काहीतरी शोधतायत हे चेहऱ्यावर दिसत होतं, पण ते सापडत नव्हतं.

आसावरीला थांबवेना. तिनं सरळ त्यांच्या पँटच्या खिशात हात घातला. उजव्या, मग डाव्या. यल्लव्वा पदर तोंडाशी धरून बघत राहिली. आप्पाजींनी विरोध केला नाही. हात अंगापासून थोडे दूर धरून ते उभे राहिले आणि खिशातून बाहेर येणाऱ्या तिच्या मुठीकडे तिच्याइतक्याच भीतीनं बघत राहिले. खडे, स्टेपलरची पिन, बाटलीच्या झाकणाचं कडं, कालचा गंजका स्क्रू. आणि वाणीच्या कानातल्याची सोन्याची फिरकी, जी आसावरीनं परवापासून सगळ्या घरात शोधली होती. बॅटरी नव्हती.

"माझ्या मुलीच्या पोटात काही गेलं असलं ना आप्पाजी, तर…" तिचा आवाज फाटला. "तर मला तुम्ही या घरात नकोत. उद्याची वाटसुद्धा बघायची नाही मला."

तिनं वाणीला उचललं. फोनवर महांतेशला घाईनं लिहिलं, 'वाणीला हॉस्पिटलमध्ये नेतेय, लगेच ये', आणि दाराकडे धावली. दारात आप्पाजी उभे. दोन्ही हात डोक्यावर, फुली.

"कुणी भाईर जायचं न्हाई. वस्तू सापडेपर्यंत सगळं बंद." हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण मोकळ्या मैदानावर वापरलेला होता. "ज्याच्या अंगाला लागून ती भाईर गेली…"

"बाजूला व्हा!"

"लायन लावा. भिंतीपासनं…"

तिनं त्यांना ढकललं. एका हातात वाणी होती म्हणून एकाच हातानं, पण ढकललं. त्यांचा खांदा चौकटीवर आपटल्याचा आवाज लिफ्टचं दार मिटेपर्यंत तिच्या कानात होता.

*

रिक्षावाल्यानं बाळाकडे पाहिलं आणि मीटर न टाकता रिक्षा फुटपाथवरून काढली. हॉस्पिटलमध्ये त्यांना रांगेत थांबवलं नाही. एक्स-रेच्या थंडगार टेबलावर वाणीला उताणी धरताना आसावरीला तिचे दोन्ही हात डोक्यावर दाबून ठेवावे लागले. वाणी रडत रडत आईकडे अशी बघत होती, जणू हे सगळं आईच करते आहे.

डॉक्टर तरुण होती. तिनं पडद्यावर बोट फिरवलं. इवल्या फासळ्या, इवलं पोट, हवेचे काळे बुडबुडे. "नथिंग. गळ्यापासून खालपर्यंत काही नाहीये. घाबरू नका, तुम्ही आणलंत ते बरोबर केलंत."

आसावरी वाणीला घेऊन कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसली. महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून, ट्रॅफिकमधून वाट काढत महांतेश पोचला, शर्ट पाठीला चिकटलेला.

"काय झालं? फोन सायलेंटवर होता, मेसेज आत्ता… वाणी?"

"ठीक आहे. काही नाहीये एक्स-रेमध्ये." तिनं मोठा श्वास घेतला. "त्या बदकातली बॅटरी. आप्पांनी काढली कुठेतरी. घरातच असेल. पण आता मी खरंच…"

 महांतेशनं हळूच पँटच्या खिशातून गाडीची किल्ली काढली. किल्लीकडे नुसता बघत राहिला.

"सकाळी गाडी उघडेना," तो म्हणाला. "किल्लीतली बॅटरी संपलेली. उशीर झाला होता. तू आंघोळीला गेली होतीस. बदकात तीच बसते… येताना नवीन आणून घालणार होतो, आसू."

कॉरिडॉरमध्ये कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं. आसावरी उठली, दोघंही भिंतीला सरकली. स्ट्रेचर गेल्यावरही तशीच उभी राहिली.

"मी त्यांचे खिसे तपासले," आसावरी म्हणाली. "यल्लव्वासमोर. आणि दारातून ढकललं."

महांतेशनं वाणीला तिच्याकडून घेतलं. 

*

घराचं दार सताड उघडं होतं. हॉलमधलं सगळं सामान भिंतीला लावलेलं, सतरंजी गुंडाळून उभी केलेली. त्या मोकळ्या फरशीवर आप्पाजी बाल्कनीच्या दारापासून निघून एकेक पाऊल टाकत येत होते. मान खाली, हात मागे. भिंतीपाशी पोचले की एक फरशी बाजूला सरकायचे आणि परत फिरायचे. यल्लव्वा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. आसावरीला पाहताच ती उठली.

"आलासा अक्का! बाळ बरं हाय? देवानं बघितलं बाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अज्जानं तुम्ही गेल्यापासनं पाणीबी घेतलं न्हाई. बसा म्हटलं तर म्हणतेत, पोर वर हाय. ते खाली उतरल्याबिगर बसायचं नसतंय. कुठलं पोर, कुठं वर, काय कळंना मला."

आप्पाजींची मान वर झाली. महांतेशच्या खांद्यावर वाणी झोपली होती, गालावर वाळलेल्या अश्रूंची पांढरी रेघ. ते तिच्याकडे बघत राहिले. मग आसावरीकडे.

"उतरलं?"

आसावरीनं वाणीच्या पाठीवर हात ठेवला. "उतरली, आप्पाजी. नीट उतरली."

तेव्हा कुठे ते बसले. जिथं उभे होते तिथंच, फरशीवर. गळ्याजवळ हात नेऊन त्यांनी नसलेल्या टोपीचा पट्टा सैल केला. यल्लव्वानं पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यांनी एका दमात संपवला.

महांतेश त्यांच्यापुढं उकिडवा बसला. किल्ली उघडून त्यानं बॅटरी त्यांच्या तळहातावर ठेवली. "सापडली आप्पा. माझ्याकडंच होती."

आप्पाजींनी ती उलटीपालटी करून बघितली. "तुझ्या खिशात?"

"व्हय."

"आणि तुझा खिसा कुणी बघितला न्हाई?"

"न्हाई आप्पा."

आप्पाजींनी मान हलवली. त्यात राग नव्हता. एखाद्या नव्या पोराची चूक बघून जुन्या माणसाची हलते तशी ती हलली. आसावरी पुढं झाली. तिला माफी मागायची होती, शब्दही तयार होते. पण आप्पाजी भिंतीला टेकले आणि बघता बघता त्यांचे डोळे मिटले. सदऱ्याच्या सैल गळ्यातून खांद्यावरचा लाल वळ दिसत होता.

*

शनिवारी सकाळी ती उठली तेव्हा महांतेश बाल्कनीत फोन हातात घेऊन उभा होता.

"त्यांना सांगतो, आम्ही येत नाही," तो म्हणाला. "चालेल ना?"

"सांग," आसावरी म्हणाली. "लगेच सांग."

"काय सांगायचं?"

मागे आप्पाजी उभे होते. दाढी केलेली, केस पाणी लावून बसवलेले. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. हातात निपाणीहून आणलेली त्यांची बॅग. आणि दुसऱ्या हातात तो दुधाच्या पावडरचा डबा.

"आप्पा, आज नको जायला," महांतेश म्हणाला. "आनेकलचं रद्द करतोय. तुम्ही हितंच ऱ्हावा."

"का?"

"का म्हणजे… काल आमचंच चुकलं."

"आप्पाजी, मी काल जे बोलले…" आसावरीनं सुरुवात केली.

"तू बोललीस ते सोड गं. लेकुरवाळं माणूस, पोटचं पोर, ओरडणारच की." त्यांनी बॅग खाली ठेवली. ते हळूहळू बोलत होते, शब्द एकेक करून फरशीवरून उचलावेत तसे. "तू माझा खिसा बघितलास. ते बरोबर केलंस. पण तू हात घातलास तवा आत काय हाय, ते मलाच म्हाईत नव्हतं. तू भाईर काढत हुतीस आणि मी बघत हुतो, आता काय निघतंय म्हणून. काल बॅटरी निघाली न्हाई. निघाली असती तर? मी न्हाई म्हणू शकलो नसतो, आसावरी. मला ठाऊकच नव्हतं."

 खाली उतारावर एक हॉर्न वाजला आणि थांबला.

"आपल्या खिशात काय हाय हे ज्याला ठाऊक न्हाई, त्याला रनवेवर उभा करत न्हाईत. कितीबी जुना असू दे. ह्यात वाईट वाटून घ्यायचं नसतंय. आम्हीबी एकदोघांना उतरवलंय." त्यांनी डबा महांतेशच्या हातात दिला. "हा टाकून दे. हिच्या हाताला लागंल."

"आप्पा…"

"आज बोलतोय तवर घेऊन चल. उद्या मी बोलंन का न बोलंन, मला तरी काय म्हाईत." मग त्यांनी हॉलकडे पाहिलं. "ठकू उठायच्या आधी एकदा लायन मारू. तिघं हायत की."

बाल्कनीच्या दाराशी तिघं उभी राहिली. मधे आप्पाजी, उजवीकडे महांतेश, डावीकडे आसावरी. खांद्याला खांदा. आप्पाजींनी हळूच "चला" म्हटलं आणि तिघं माना खाली घालून निघाली. आसावरी या फरशीवरून दिवसातून कितीदा जायची, पण ती आज तिनं पहिल्यांदा अशी पाहिली. बिस्किटाचा चुरा. तुटलेल्या क्रेयॉनचं निळं टोक. सोफ्याच्या पायाशी एक मोहरी. महांतेश तिच्यासारखाच थांबून थांबून वाकत होता. आप्पाजी मात्र एकदाही वाकले नाहीत. दोघं उचलतायत ना, एवढंच ते बघत होते.

दारापाशी पोचल्यावर ते तिच्याकडे वळले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"बघ."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं त्यांच्या उजव्या खिशात हात घातला. मग डाव्या. दोन्ही रिकामे होते. आतलं अस्तर त्यांनी स्वतःच ओढून बाहेर काढलं, पांढऱ्या कापडाचे दोन कान कमरेशी लोंबत राहिले.

"आता मी तुझा बघतो. रीत हाय."

तिच्या कुर्त्याच्या खिशात त्यांनी दोन बोटं घातली. बोटं बाहेर आली तेव्हा त्यांत एक सेफ्टी पिन होती. वाणीच्या झबल्याची, कधीतरी घाईत काढून टाकलेली. उघडी.

आसावरी पिनेच्या टोकाकडे बघत राहिली. वाणीला ती याच कुर्त्यात कडेवर घ्यायची.

"सॉरी, आप्पाजी," ती म्हणाली.

हेच शब्द ती कालपासून घेऊन फिरत होती. आता निघाले ते पिनेसाठी निघाले, पण सगळेच निघाले.

 पिन आप्पाजींनी डोळ्यांजवळ नेली, फुंकर मारली, बोटांनी मिटवली. मग तिच्या ओढणीच्या टोकाला, बाहेरच्या बाजूला, ती लावून दिली.

"हितं दिसतीय," ते म्हणाले. "खिशात दिसत न्हाई."

आत वाणी उठल्याची कुरकुर ऐकू आली. आसावरी वळली, थांबली, पुन्हा दाराकडे पाहिलं. महांतेशनं बॅग उचलली होती आणि लिफ्ट आली होती. आप्पाजी आत जाऊन तोंड इकडे करून उभे राहिले, पाठ ताठ, बुटांच्या टाचा जुळवलेल्या. खिशांची पांढरी अस्तरं त्यांनी आत घातली नव्हती. तशीच बाहेर लोंबत ठेवून, आता आपल्याजवळ काही नाही हे दिसेल असे, ते खाली गेले.

आसावरी हॉलमध्ये परत आली. रांगत आलेली वाणी मोकळ्या फरशीच्या मधोमध थांबून बसली होती. तिनं उघड्या दाराकडे पाहिलं, आणि दोन्ही हात वर करून ते एकमेकांवर ठेवायचा प्रयत्न करू लागली.